न मागितलेली माफी

हॅडन काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कोर्टाच्या तळघरात ती फाइल एकवीस वर्षं उंदरांच्या तावडीत होती, आणि उंदरांनी नेमका तो एक कागद सोडून बाकी सगळं कुरतडलं, असं व्हर्डी रॅट्लिफ पुढे सांगायची. ते खरं नाही. उंदरांनी काहीच खाल्लं नव्हतं. व्हर्डीला गोष्ट रंगवून सांगायची खोड, आणि तिच्या लेकीला, ओलेटाला, गोष्ट होती तशीच सांगायची खोड. या दोन खोडी एका घरात राहिल्या म्हणून पुढचं सगळं रामायण घडलं.

ओलेटा जन्मली ती टॅकेट नावाच्या घळीत. दोन डोंगरांच्या मधून ओढा, ओढ्याला धरून रस्ता, रस्त्याला धरून कंपनीची चाळीस घरं आणि सगळ्यांच्या डोक्यावर बिग लॉरेल नावाची कोळशाची खाण. आजोबा खाणीत, बाप होबर्ट खाणीत. चाळिशी उलटायच्या आत होबर्टची छाती काळ्या धुळीनं इतकी भरली की त्याला आडवं होऊन झोपता येईना. खुर्चीत बसूनच डोळा लावायचा. घरात कमी बोलणारा तो एकटाच. व्हर्डी दोघांच्या वाटचं बोलायची.

ओलेटा बावीस वर्षांची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, तेव्हा खाणीत संप झाला. कंपनीनं बाहेरची माणसं ट्रकांत भरून आणली. काउंटीचे जज एल्बर्ट कॉडिल यांनी हुकूम काढला: खाणीच्या फाटकापाशी तीनपेक्षा जास्त संपकरी दिसता कामा नयेत. पुरुष मंडळी हुकूम हातात धरून बसली. व्हर्डीनं तो तीनदा वाचला आणि म्हणाली, "यात संपकरी लिहिलंय. आम्ही कुठे संपकरी आहोत? आम्ही नुसत्या त्यांच्या बायका." दुसऱ्या दिवशी पहाटे घळीतल्या बायका फाटकासमोरच्या रस्त्यावर आडव्या झाल्या आणि ट्रक थांबले. जजनी संध्याकाळपर्यंत हुकूम दुरुस्त केला. आता त्यात सगळ्यांचीच नावं आली. बायका तिसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, दुरुस्त हुकूम वाचून गेल्या. त्यांत ओलेटाही होती. नऊ जणींना उचलून कोर्टात उभं केलं.

कॉडिल हा वाईट माणूस नव्हता, पण कोर्टाचा शब्द मोडलेला त्याला खपत नसे. त्यानं शिक्षेचे दिवस मोजून दिलेच नाहीत. म्हणाला, "जिला चूक कबूल आहे तिनं कागदावर लिहून द्यावं, की मला खेद आहे आणि मी फाटकाकडे फिरकणार नाही. सही केली की घर. नाही केली तर मुक्काम इथेच."

तीन खाटांच्या कोठडीत नऊ बायका. पहिल्याच संध्याकाळी व्हर्डीनं सगळ्यांकडून शब्द घेतला: कुणीही सही करायची नाही, आणि जी करील तिनं आयुष्यात माझ्या दाराशी येऊ नये. शपथ घ्यायला सोपी होती. पण चौथ्या दिवशी मिंटी स्लोन, म्हणजे रॅट्लिफांची सख्खी शेजारीण, तिच्या तीन वर्षांच्या पोराला डांग्या खोकला झाल्याचा निरोप आला. मिंटी दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसली आणि मग तिनं जेलर क्लेटसकडे कागद-पेन्सिल मागितली. व्हर्डी उठली, तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि मोडून दोन तुकडे खिडकीबाहेर टाकले.

"पोराकडे तुझी सासू आहे," व्हर्डी म्हणाली. "तू सही केलीस तर उद्या तीन जणी करतील. परवा इथे कुणीच नसेल."

मिंटीनं सही केली नाही. पोर वाचलं, पण जरा धावलं की दम लागायचा तो त्याला कायमचा लागत राहिला.

अकराव्या दिवशी, शुक्रवारी, क्लेटस जेलर किल्ल्या वाजवत आला. "बिनलग्नाच्या पोरींना जजसाहेबांनी सोडलंय. ओलेटा, चल." बिनलग्नाची ती एकटीच. ती हलेना. दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटीच्या गावात लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा होती आणि तिनं तिच्यावर केव्हाच पाणी सोडलं होतं.

"जा ना," व्हर्डी म्हणाली. "तुझ्या जागेत मला पाय तरी पसरता येतील."

ओलेटा गेली, दुसऱ्याचा स्वेटर घालून परीक्षा दिली आणि पास झाली. बाकीच्या आठ जणी आणखी पाच दिवस आत होत्या. मग कंपनीनं करारावर सही केली आणि त्या ताठ मानेनं बाहेर आल्या. तेव्हापासून दर ऑक्टोबरात त्या नऊ जणी युनियनच्या हॉलमध्ये जमतात. प्रत्येकीनं घरून काहीतरी करून आणायचं. याला आमच्याकडे जेलवाल्यांचं जेवण म्हणतात, आणि त्या दिवशी कुणाच्या नवऱ्यानं हॉलमध्ये पाऊल टाकलं तर त्याला भांडी घासायला लावतात.

ओलेटानं वकिली सुरू केली ती काउंटीच्या गावात, कपडे धुण्याच्या दुकानाशेजारच्या एका खोलीत. अशिलं सगळी तिच्या बापासारखी: छाती भरलेली, भरपाईच्या अर्जात हयात गेलेली. कंपन्यांचे वकील शहरातून चार-चारच्या टोळीनं यायचे. ही एकटी उभी राहायची, हळू बोलायची आणि कागद असा वाचायची की समोरच्यालाच आपल्या कागदाची भीती वाटावी. होबर्टचा स्वतःचा दावा तिनं जिंकला तेव्हा त्याला जाऊन सात महिने झाले होते. तिनं ते कुणाला माफ केलं नाही आणि कामही सोडलं नाही.

चौतिसाव्या वर्षी ती जजच्या निवडणुकीला उभी राहिली आणि निवडून आली. खुर्ची कॉडिलचीच. पहिल्या दिवशी म्हातारा कॉडिल काठी टेकत आला आणि शेवटच्या बाकावर बसला. दुपारी जाताना तिच्या टेबलापाशी थांबून म्हणाला, "तुझा कागद आला त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं. तू टिकशील असं वाटलं होतं." ओलेटाला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. तिनं त्याला दारापर्यंत पोचवलं.

तिच्या कोर्टाचा एक रिवाज होता. हुकूम मोडून आलेल्या माणसाला ती दिवस मोजून द्यायची: तीन, पाच, फार तर दहा. कुणी पुढे येऊन सॉरी म्हणायला लागला तर म्हणायची, "ते घरी जाऊन बायकोला सांगा. इथं फक्त दिवस मिळतात." लोक हसायचे. पण तिच्या कोर्टाचा हुकूम मोडायचं धाडस फारसं कुणी करत नसे.

ती त्रेचाळीस वर्षांची असताना राजधानीतून फोन आला. आमच्या भागाच्या फेडरल अपील कोर्टात जागा रिकामी झाली होती, आणि राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीला डोंगरातला कुणीतरी हवा होता. अपील कोर्ट म्हणजे चार राज्यांचे खटले, मरेपर्यंतची खुर्ची आणि वर फक्त सर्वोच्च न्यायालय. आमच्या घळीतून आजवर त्या इमारतीत कुणी गेलं असेल तर ते फरशी पुसायला.

पण मध्ये एक अडचण असते. राष्ट्राध्यक्षांनी नाव पाठवलं तरी सिनेटची समिती त्या माणसाच्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांना संमतीसाठी एक निळा कागद पाठवते. कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, पण सिनेटरनं तो सही करून परत धाडला नाही, तर ते नाव समितीच्या टेबलावर पडून वाळतं. आमच्या दोघांतल्या थोरल्या सिनेटरांनी आयुष्यात खाणीचे मालक आणि देव यांच्याखेरीज कुणाला मान दिला नव्हता.

ओलेटानं समितीचा जाडजूड प्रश्नसंच भरला. प्रत्येक भाषण, प्रत्येक लेख, प्रत्येक खटला. "तुम्हाला कधी अटक झाली होती का?" या प्रश्नापुढे तिनं लिहिलं: होय. कोर्टाचा हुकूम मोडल्याबद्दल अकरा दिवस तुरुंगात. माफी मागितली नाही. न्यायाधीशांनी सोडलं. खाली शपथेवर सही केली.

सिनेटरांचा माणूस आला. ग्रेडन व्हिटलो त्याचं नाव. वय तिशीचं, बूट इतके चकचकीत की आमच्या रस्त्यावर त्याला ते सांभाळत चालावं लागे.

"मॅडम, साहेबांचा तुम्हाला विरोध नाही," तो म्हणाला. "फक्त त्या जुन्या भानगडीबद्दल एक ओळ लिहून द्या. तरुणपणी चूक झाली, आज खंत वाटते. बस. निळा कागद दुसऱ्या दिवशी परत."

"खंत वाटत नाही," ओलेटा म्हणाली.

"वाटते असं लिहायला काय जातं?"

"हेच मला जज कॉडिलनीही विचारलं होतं."

व्हिटलो गेला, आणि दोन आठवड्यांनी लॉटरी लागल्यासारखा चेहरा करून परत आला. बसायच्या आधीच त्यानं टेबलावर एक झेरॉक्स ठेवली. "मॅडम, तुम्ही तर कमालच केलीत. माफी तुम्ही तेव्हाच मागितली होतीत! कोर्टाच्या तळघरात मिळाली. आता प्रश्नसंचातली ती एक ओळ दुरुस्त करा, विसरले होते म्हणा. साहेब खूश, समिती खूश."

कागदावर दोन ओळी होत्या. मला खेद आहे. मी पुन्हा फाटकाकडे जाणार नाही. खाली सही: ओलेटा रॅट्लिफ. तारीख अकराव्या दिवसाची.

ओलेटानं ती सही निरखून पाहिली. मोठं गोल पहिलं अक्षर, आणि पुढची एकमेकांना टेकून उभी राहिलेली. हे हस्ताक्षर ती दर हिवाळ्यात पाहात आली होती, आईच्या फडताळातल्या मुरंब्याच्या बरण्यांवर.

"ठेवून जा," ती म्हणाली. "सोमवारी कळवते."

त्या दुपारी ती घळीत गेली. व्हर्डी पडवीत बसून शेंगा मोडत होती. ओलेटानं कागद तिच्या मांडीवर ठेवला. व्हर्डीनं चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला आणि आणखी दोन शेंगा मोडल्या.

"शाई टिकली की चांगली," ती म्हणाली.

"आई."

"परीक्षा शनिवारी होती. वर्षातून दोनदा व्हायची ती. पुढच्या वेळेपर्यंत तुझा बाप राहील की नाही, तुझी फी भरायला घरात काही उरेल की नाही, कुणाला माहीत होतं? तू सही करणार नव्हतीस. तुझ्यात माझंच रक्त. मग मी केली. क्लेटसला म्हटलं, पोरीला काहीतरी थाप मार."

"तू मिंटी मावशीच्या हातातली पेन्सिल मोडलीस."

व्हर्डीनं एक शेंग उचलली आणि न मोडताच परत टाकली.

"मग तुझीच आहे म्हणून सांग ना," व्हर्डी म्हणाली. "एकदा कामाला आला तो कागद, आता दुसऱ्यांदा येईल. कुणाला कळतंय?"

"शपथेवर सांगायचंय, आई. मी माफी मागितली असं शपथेवर सांगितलं तर ते खोटं. आणि नाही मागितली म्हटलं, तर हा कागद कुणाचा ते सांगावं लागेल. सगळ्या वर्तमानपत्रांत येईल. मिंटी मावशी वाचेल."

"मग?"

"मी नाव मागे घेते. तब्येतीचं कारण सांगते. म्हणजे खोटी साक्षही नको आणि तुझं नावही नको."

व्हर्डीनं शेंगांचं घमेलं खाली ठेवलं. ती सत्तरीची होती, पण उठून उभी राहिली तेव्हा पडवीतली कुत्री आपणहून बाजूला झाली.

"तब्येत," ती म्हणाली. "घोड्यासारखी तब्येत आहे तुझी. मी तुझं नाव त्या कागदावर लिहिलं ते तू घाबरून घरी बसावंस म्हणून नाही. मी लाज गिळली, एकवीस वर्षं गिळली, आणि तू आता मला सांगतेस की ती फुकट गिळली?"

"तुझी लाज चव्हाट्यावर आणून मला खुर्ची नको."

"तुला कोण विचारतंय? लाज माझी आहे. ती कुठे न्यायची ते मी ठरवीन."

ओलेटा रागानं निघून गेली. खरं सांगायचं तर ती रागावली होती त्याहून जास्त घाबरली होती. सोमवारी काय लिहायचं ते तिला कळत नव्हतं. खुर्ची तर तिला हवीच होती, मनापासून हवी होती. ती नको असती तर एवढं अवघड गेलंच नसतं.

शनिवारी जेलवाल्यांचं जेवण होतं. नवांतल्या दोघी वारल्या होत्या. सात जणी बसल्या. घेवड्याचा रस्सा झाला, मक्याचा पाव झाला, लोणची झाली. मिंटीनं नेहमीप्रमाणे सुक्या सफरचंदांचा थरांचा केक आणला होता. सात थर, आणि तीन दिवस मुरवलेला. ती सुरी उचलणार तेवढ्यात व्हर्डी उभी राहिली.

"केक कापायच्या आधी ऐका. मग कुणाला वाढायचा ते ठरवा," ती म्हणाली. "ओलेटाला जजनी सोडलं नव्हतं. तिच्या नावानं मी सही केली. अकराव्या दिवशी. तिला ठाऊक नव्हतं, परवापर्यंत ठाऊक नव्हतं. तुम्हाला सगळ्यांना मी शब्दात अडकवलं आणि माझ्या पोरीला मी सोडवलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन, हे पण सांगून ठेवते. मी माफी मागायला उभी नाही. तुम्हाला खरं कळावं म्हणून उभी आहे."

ओलेटा ताटाकडे पाहात बसली होती.

"तू माझी पेन्सिल मोडली होतीस," मिंटी म्हणाली.

"हो."

"मग तिच्यासाठी कुठली वापरलीस?"

"क्लेटसचं पेन घेतलं."

"माझं पोर तिकडे निळं पडत होतं, व्हर्डी."

"माहीत आहे."

मिंटीनं मान हलवली. उठली, अंगावर कोट चढवला, न कापलेला केक थाळीसकट उचलला आणि दार पायानं ढकलून बाहेर गेली. त्या वर्षी केक कुणी खाल्ला नाही. व्हर्डीनं एकटीनं सगळी भांडी घासली आणि कुणालाही मदतीला येऊ दिलं नाही.

रविवारी ओलेटानं पत्र लिहिलं. ते पाच वाक्यांचं होतं. तो कागद माझ्या हातचा नाही. माझ्या आईनं मला न कळवता माझ्या नावानं सही केली, आणि ती तसं कुणाहीसमोर सांगायला तयार आहे. मी तेव्हा माफी मागितली नाही, आज मागत नाही. प्रश्नसंचातला माफीबद्दलचा माझा जबाब बरोबर आहे. न्यायाधीशांनी का सोडलं ते मात्र मला चुकीचं माहीत होतं, ते दुरुस्त करते आहे.

व्हिटलोचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. "मॅडम, खोटी सही हा गुन्हा आहे. तुमच्या आईचं वय पाहता हे पत्र परत घेतलंत तर बरं."

ओलेटानं ते आईला सांगितलं. व्हर्डी म्हणाली, "येऊ देत. जेलचा रस्ता मला पाठ आहे. या वेळी उशी घेऊन जाईन."

कुणी आलं नाही. निळा कागदही आला नाही. वर्ष संपलं, सिनेटचं सत्र संपलं आणि ओलेटाचं नाव राष्ट्राध्यक्षांकडे परत गेलं. काउंटीच्या वर्तमानपत्रानं लिहिलं, हट्टापायी संधी घालवली. ते कात्रण व्हर्डीनं फडताळाच्या दारावर चिकटवलं. मिंटी हिवाळाभर रॅट्लिफांच्या घरावरून मान वळवून जात होती. वसंतात एकदा ती रानकांद्याची पिशवी घेऊन पायरीपाशी थांबली.

"मी अजून चिडलेली आहे," ती म्हणाली.

"असू दे," व्हर्डी म्हणाली. "बसून चीड."

सहा वर्षं ओलेटा पुन्हा त्याच जुन्या कोर्टात, त्याच खुर्चीत बसली. पुढच्या निवडणुकीत तिच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही. मनातून ती खचली नव्हती असं म्हणणं खोटं होईल. अपील कोर्टाचे निकाल टपालानं यायचे ते ती वाचायची, समासात पेन्सिलीनं भांडायची आणि कपाटात ठेवून द्यायची. मग थोरले सिनेटर म्हातारपणामुळे घरी बसले, नवे आले, अपील कोर्टातली दुसरी एक जागा रिकामी झाली, आणि राजधानीतून पुन्हा फोन आला.

"प्रश्नसंच पुन्हा भरावा लागेल," फोनवरची बाई म्हणाली.

"भरते," ओलेटा म्हणाली. "उत्तर तेच आहे."

नव्या सिनेटरांनी निळा कागद आठवड्यात परत पाठवला. सुनावणीच्या दिवशी व्हर्डी लेकीच्या मागच्या खुर्चीवर बसली होती, चर्चला जायच्या टोपीत. समितीचे अध्यक्ष म्हणाले, घरच्यांची ओळख करून द्या. ओलेटा म्हणाली, "ही माझी आई. पान एकोणचाळिसावर जिच्या सहीचा उल्लेख आहे ती." व्हर्डीनं टोपी सारखी केली आणि मान लववली.

दुसऱ्या एका राज्याच्या सिनेटरनं चष्म्यावरून पाहात विचारलं, "कोर्टाचा हुकूम मोडलात आणि सत्तावीस वर्षांनीही तुम्हाला खंत नाही. मग तुमचे हुकूम लोकांनी का पाळावेत?"

"मी हुकूम मोडला तो दिवसाढवळ्या, नाव सांगून मोडला," ओलेटा म्हणाली. "शिक्षा झाली ती भोगत होते. पळाले नाही, न्यायाधीशांना शिव्या दिल्या नाहीत. माझा हुकूम कुणाला मोडायचाच असेल तर त्यानं असाच मोडावा. मी त्याला आत टाकीन. पण मनात नसलेली माफी मी त्याच्याकडून वदवून घेणार नाही. असल्या माफ्यांनी कोर्टाची इज्जत वाढत नाही. फायली तेवढ्या वाढतात."

"म्हणजे आजही खेद नाही?"

"नाही, सर."

सिनेटमध्ये एक्कावन्न मतं बाजूनं पडली, सत्तेचाळीस विरुद्ध. व्हर्डी म्हणाली, सत्तेचाळीस जण तरी आपल्याला ओळखतात हे बरं झालं.

शपथविधी नदीकाठच्या शहरात झाला, अपील कोर्टाच्या मोठ्या दालनात. युनियनच्या दोन बसगाड्या घळीतून गेल्या. जेलवाल्यांपैकी आता पाच जणी उरल्या होत्या. मिंटी मांडीवर केकची थाळी घेऊन बसली होती, आणि दारावरच्या शिपायानं झाकलेल्या थाळीत काय आहे विचारलं तेव्हा तिनं त्याला सातही थर मोजून दाखवले. ओलेटानं शपथ घेतली. मग रिवाजाप्रमाणे घरच्या माणसानं काळा झगा चढवायचा असतो, तो व्हर्डीनं चढवला. गळ्याची बटणं तिला लवकर लागत नव्हती. रांगेतले सगळे न्यायाधीश उभे राहून वाट पाहात होते. व्हर्डीनं कुणालाही हात लावू दिला नाही. वेळ लागला, पण सगळी बटणं लागली.

समारंभ संपल्यावर कोर्टाच्या कारकुनानं चामडी वेष्टणाची मोठी वही उघडली. त्या दालनात शपथ घेतलेल्या प्रत्येक न्यायाधीशाचं त्या वहीत एक पान असतं आणि त्यावर घरच्यांच्या सह्या घेतात. त्यानं अदबीनं पेन पुढे केलं. "आपण पहिल्या, मॅडम."

व्हर्डीनं पेन घेतलं, चष्मा लावला आणि लेकीकडे पाहिलं.

"या वेळी कुणाचं नाव लिहू?"

ओलेटा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "तुझं, आई. सगळं लिही."

व्हर्डीनं मोठ्या गोल अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं. त्यानं तीन ओळी खाल्ल्या. पेनला टोपण लावायला कारकुनानं हात पुढे केला, तर ते तिनं त्याला दिलं नाही. ती मागे वळली, मिंटीपाशी गेली, तिच्या हातातली थाळी स्वतःकडे घेतली आणि पेन तिच्या हातात ठेवलं.

"घे," ती म्हणाली. "हे नाही मोडत."

मिंटीनं सही केली.